राहिलेली माहिती शोधणारा मॅक्रो चुकतो कुठे

चाळीसएक जणांनी भरून पाठवलेल्या शीट एकत्र करायच्या आणि कुणाचं काय भरायचं राहिलंय ते शोधून त्यांना कळवायचं, हे माझं रोजचं काम. डोळ्यांनी शोधणं झेपेना म्हणून मी मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिला आणि दोनेक महिने तो छान चालला. मग एका संध्याकाळी त्याने ‘ऑल कम्प्लीट’ दाखवलं, मी फाइल पुढे पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला: तळाच्या तीन ओळींत ना तारीख आहे, ना फोन नंबर. मॅक्रो अडला नव्हता, कुठली एररही आली नव्हती. त्या तीन ओळींकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मॅक्रो एरर देऊन थांबला तर मला बरं वाटतं, कारण कुठे बघायचं ते तरी कळतं. भीती वाटते ती गुपचूप ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्या मॅक्रोची. या लेखात मुख्यतः त्याचीच दुरुस्ती सांगते आहे. सगळं एक्सेल आणि त्यात मॅक्रो लिहायच्या व्हीबीए या भाषेबद्दल आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची.

आधी मॅक्रो चालतोय का?

हे दोन मिनिटांत उरकून घ्या. ऑल्ट-एफ११ दाबून एडिटर उघडा, मॅक्रोच्या पहिल्या कामाच्या ओळीवर एफ९ दाबून ब्रेकपॉइंट लावा आणि नेहमीसारखा मॅक्रो चालवा. ती ओळ पिवळी होऊन मॅक्रो तिथे थांबला, तर तो चालतोय. नाही थांबला, तर पुढचं तपासा.

फाइल एक्सएलएसएक्स प्रकारात सेव्ह झाली असेल तर मॅक्रो त्यात उरतच नाही, एक्सएलएसएम हवी. मेलवरून किंवा इंटरनेटवरून आलेली फाइल असेल तर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली आहे. फाइल कुणाकडून आली याची खात्री असेल तरच ती बंद करून तिच्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करा आणि पुन्हा उघडा.

सेल बदलला की किंवा फाइल सेव्ह करताना आपोआप चालणारा मॅक्रो अचानक मुका झाला असेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. कोडमध्ये कुठेतरी ‘एनेबल इव्हेंट्स’ (अशा आपोआप चालणाऱ्या मॅक्रोंना मोकळीक देणारी सेटिंग) फॉल्स केलेलं असतं आणि ते परत ट्रू करायच्या आधीच मध्ये एरर आलेली असते. मग एक्सेल बंद करून उघडेपर्यंत एकही इव्हेंट चालत नाही. एडिटरमध्ये कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो (लिहिलेली ओळ लगेच चालवणारी खिडकी) उघडा, तिथे ॲप्लिकेशनचं एनेबल इव्हेंट्स ट्रू करा आणि एंटर दाबा. कायमचा उपाय म्हणजे मॅक्रोच्या शेवटी एक लेबल ठेवा आणि एरर आली तरी तिथूनच बाहेर पडायची व्यवस्था करा, म्हणजे ट्रू करणारी ओळ कधीच सुटणार नाही.

शेवटची ओळ

माझ्या त्या तीन ओळी इथेच हरवल्या होत्या. जवळपास सगळेच जण शेवटची ओळ एकाच पद्धतीने काढतात: पहिल्या कॉलमच्या अगदी तळाशी जायचं आणि ‘एंड’ला ‘एक्सएल-अप’ देऊन वर येत पहिला भरलेला सेल गाठायचा. माझ्या शीटमध्ये पहिला कॉलम अनुक्रमांकाचा होता. कुणीतरी तळाला तीन ओळी दुसरीकडून आणून पेस्ट केल्या आणि अनुक्रमांक टाकायचा राहिला. मॅक्रो वर आला, शेवटच्या अनुक्रमांकावर थांबला आणि तिथेच शीट संपली असं धरून चालला.

म्हणजे जी माहिती राहिलीय का हे तपासायचं, तिच्याच भरवशावर मी तपासणीची हद्द ठरवली होती. राहिलेलं शोधणाऱ्या मॅक्रोत हे चालणारच नाही. जितके कॉलम भरणं सक्तीचं आहे, त्या प्रत्येकाची शेवटची ओळ वेगवेगळी काढा आणि त्यातली सर्वांत मोठी धरा. एका लहानशा लूपचं काम आहे. ‘यूज्ड रेंज’च्या ओळी मोजून हे काम होईल असं वाटतं, पण तो धडपणे सांगत नाही: नुसता रंग दिलेले सेलही तो धरतो, आणि शीटच्या वरच्या दोन ओळी कोऱ्या असतील तर तिसरीपासून मोजायला लागतो, म्हणजे ओळींची संख्या आणि शेवटच्या ओळीचा क्रमांक जुळत नाही.

फिल्टरचंही ध्यानात असू द्या. शीटवर फिल्टर लावलेला असताना ‘एंड’ लपलेल्या ओळी ओलांडून दिसणाऱ्या शेवटच्या ओळीवर थांबतो. म्हणून मॅक्रोच्या सुरुवातीलाच ‘फिल्टर मोड’ ट्रू आहे का ते विचारायचं आणि असेल तरच ‘शो ऑल डेटा’ चालवायचं. न विचारता चालवलं आणि फिल्टर नसलाच, तर १००४ क्रमांकाची एरर येते.

उलटा आजारही असतो. कुणीतरी हजाराव्या ओळीपर्यंत फॉर्म्युले ओढून ठेवलेले असतात. त्यांचं उत्तर कोरं दिसतं, पण ‘एंड’च्या लेखी तो सेल भरलेलाच. मग मॅक्रो आठशे कोऱ्या ओळींची यादी काढून देतो आणि त्या ढिगात खरी राहिलेली दोन नावं बुडून जातात. यासाठी माझा नियम असा: माणसाने हाताने भरायचे सगळेच कॉलम एखाद्या ओळीत रिकामे असतील, तर ती ओळ कुणी वापरलेलीच नाही असं समजून सोडून द्यायची. एक जरी भरलेला असेल, तरी बाकीच्यांची चौकशी करायची.

रिकामा म्हणजे नेमका किती रिकामा?

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला आहे. डोळ्यांना कोरा दिसणारा सेल एक्सेलच्या दृष्टीने निरनिराळ्या प्रकारचा असू शकतो, आणि प्रत्येक फंक्शन त्याबद्दल वेगळं बोलतं.

‘इज एम्प्टी’ फक्त खरोखर कोऱ्या सेललाच रिकामा म्हणतं. ज्या फॉर्म्युल्याचं उत्तर दोन अवतरणचिन्हांमधली शून्य लांबी आहे, तो सेल त्याच्या मते भरलेला. शीटवरचं ‘इज ब्लँक’ही तसंच. ‘काउंट ब्लँक’ मात्र त्याच सेलला रिकाम्यांत मोजतं. त्यामुळे वर फॉर्म्युला १२ रिकामे सांगतो आणि मॅक्रो ७, असा घोळ दिसला की आधी या पाचांकडेच बघा. असे फॉर्म्युले कॉपी करून ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट केले, तर आणखी पंचाईत. फॉर्म्युला बार पूर्ण कोरा दिसतो, तरी शून्य लांबीचा मजकूर आत शिल्लक राहतो आणि ‘इज एम्प्टी’ फसतं.

यावर लांबी मोजणं हा सोपा उपाय. सेलच्या व्हॅल्यूची ‘लेन’ शून्य आली, तर तो कोरा. पण मग स्पेसची पाळी येते. घाईत कुणी स्पेसबार दाबून पुढे जातं आणि लांबी १ होते. म्हणून ‘ट्रिम’ करून लांबी मोजायची, असं सगळीकडे सांगतात. मीही तसंच केलं होतं, तरी एक सेल काही केल्या सापडेना. शेवटी त्या सेलवर उभी राहून इमिजिएट विंडोत विचारलं:

? लेन(ट्रिम(ॲक्टिव्हसेल.व्हॅल्यू))

उत्तर आलं १. ट्रिम करूनही एक अक्षर उरत होतं, आणि दिसत तर काहीच नव्हतं. मग दुसरा प्रश्न, त्या अक्षराचा क्रमांक काय:

? ॲस्कडब्ल्यू(ॲक्टिव्हसेल.व्हॅल्यू)

उत्तर १६०. साध्या स्पेसचा क्रमांक ३२. १६० म्हणजे वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरासोबत येणारी न तुटणारी स्पेस. ट्रिम ३२ काढतं, १६० ला हात लावत नाही. हे दोन प्रश्न याच क्रमाने विचारा, कारण लांबी शून्य असताना ‘ॲस्कडब्ल्यू’ विचारलं तर ५ क्रमांकाची एरर येते. १० आलं तर कुणीतरी ऑल्ट-एंटर दाबून सेलमध्ये नवी ओळ घेतली आहे. ८२०३, ८२०४ किंवा ८२०५ आलं तर ती शून्य रुंदीची अक्षरं आहेत. देवनागरी टाइप करताना आणि मोबाइलवरून पेस्ट करताना ती सहज येऊन बसतात.

म्हणून मी एक छोटं फंक्शन वेगळं लिहून ठेवलं आहे. सेलची व्हॅल्यू घ्यायची, ‘रिप्लेस’ने १६०, टॅबचा ९, नव्या ओळीचे १० व १३ आणि ही शून्य रुंदीची तिन्ही अक्षरं काढून टाकायची, मग ट्रिम, मग लांबी. शून्य आली तर राहिलेला. ही अक्षरं लिहिताना ‘सीएचआर’ऐवजी ‘सीएचआर-डब्ल्यू’ वापरा, कारण ८००० च्या पुढचे क्रमांक साध्या ‘सीएचआर’ला पेलत नाहीत.

एक कळकळीची विनंती. ही साफसफाई फक्त मनातल्या मनात करा, म्हणजे व्हेरिएबलमध्ये. साफ केलेला मजकूर परत सेलमध्ये लिहू नका. काही कीबोर्डवर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र ८२०५ च्या आधारानेच तयार होतो. ते अक्षर काढलं की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. तपासायला आलेल्या मॅक्रोने लोकांची नावं बिघडवणं मला कधीच मान्य होणार नाही.

आता शून्य. कोऱ्या सेलची तुलना शून्याशी केली तर व्हीबीए दोन्ही सारखेच मानतं. म्हणजे ‘व्हॅल्यू शून्य आहे का’ विचारून राहिलेले शोधलेत, तर खरोखर शून्य भरलेल्या माणसालाही तुम्ही ‘भरा’ म्हणून सांगाल. त्याहून मोठा सापळा ‘इज न्यूमेरिक’चा. रकमेच्या कॉलमात आकडा नसेल तर पकडू, अशा विचाराने ते लावलं जातं. पण कोऱ्या सेललाही ‘इज न्यूमेरिक’ ट्रू म्हणतं! म्हणजे ज्याला पकडायचं, तोच निसटतो. आधी लांबी, मग आकडा. हा क्रम बदलू नका.

‘-’, ‘लागू नाही’, ‘माहीत नाही’ हे भरलेलं की राहिलेलं, हे मॅक्रो ठरवू शकत नाही. ज्याला ती माहिती हवी आहे, त्याला विचारून ठरवा आणि असे शब्द एका वेगळ्या शीटवर यादी करून ठेवा.

एरर गिळणारी ओळ

फॉर्म्युल्याने आणलेल्या कॉलमात कधी ‘एन-ए’ची, म्हणजे ‘सापडलं नाही’ची, एरर असते. अशा सेलची व्हॅल्यू मजकुराशी ताडून पाहिली की १३ क्रमांकाची ‘टाइप मिसमॅच’ येऊन मॅक्रो थांबतो. इथपर्यंत ठीक. पण मग कुणीतरी सुचवतं, वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ टाक. टाकलं, एरर गेली, सगळे खूश.

काय होतं ते बारकाईने बघा. ‘इफ’च्या अटीतच एरर आली, की व्हीबीए पुढच्या ओळीवर जातं. पुढची ओळ म्हणजे ‘इफ’च्या आतली पहिली ओळ! अट खरी आहे की खोटी हे कळलेलंच नसतं, तरी ती खरी असल्यासारखं आतलं काम होतं. तुमची अट ‘कोरा असेल तर यादीत घाल’ अशी असेल, तर एररचा सेल राहिलेल्यांत जातो. ‘कोरा नसेल तर भरलेल्यांत मोज’ अशी असेल, तर तोच सेल भरलेला ठरतो. एकाच शीटवर दोन मॅक्रो दोन उत्तरं देतात आणि दोघांच्याही तोंडून एररचा शब्द निघत नाही. एफ८ दाबत एकेक ओळ चालवलीत, तर पिवळी पट्टी ‘इफ’मधून आत शिरताना प्रत्यक्ष दिसेल. एकदा तरी बघाच.

ती ओळ काढून टाका आणि आधी ‘इज एरर’ विचारा. मात्र ‘इज एरर नाही आणि व्हॅल्यू कोरी आहे’ असं एकाच अटीत ‘अँड’ने जोडू नका. व्हीबीए अँडच्या दोन्ही बाजू नेहमी तपासतं. पहिली खोटी निघाली तरी दुसरीकडे जातंच आणि पुन्हा १३ वर आपटतं. बाहेर एक ‘इफ’, त्याच्या आत दुसरा, असंच लिहावं लागतं. एरर असलेल्या सेलांची मी वेगळी यादी करते, कारण तिथे भरणाऱ्याचा दोष नसतो. फॉर्म्युल्याला त्याचा संदर्भ सापडलेला नसतो.

‘स्पेशल सेल्स’ वापरून सगळे कोरे सेल एका झटक्यात निवडता येतात, त्यामुळे तो मोह होतो. पण एकही कोरा सापडला नाही की ते १००४ ची एरर देतं, म्हणजे सगळं नीट भरलेलं असताना मॅक्रो कोसळतो. शून्य लांबीचा मजकूर आणि स्पेस त्याला दिसत नाहीत. आणि एकाच सेलवर चालवलं, तर ते त्या सेलपुरतं न राहता शीटचा सगळा वापरलेला भाग धुंडाळतं. या कामासाठी मी ते सोडून दिलं आहे.

अटीवर अवलंबून असलेले कॉलम आणि मराठी शब्द

‘परत आलं का’ या कॉलमात ‘हो’ असेल, तरच ‘कारण’ भरायला हवं, अशा अटी बहुतेक शीटमध्ये असतात. कोडमध्ये ‘हो’ टाइप किंवा पेस्ट करून बघा, एडिटरमध्ये प्रश्नचिन्हं उमटतील. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी पेलत नाही. मग मॅक्रो सेलमधल्या ‘हो’ची तुलना प्रश्नचिन्हांशी करतो, ती कधीच जुळत नाही, आणि ‘कारण’ राहिलेल्या ओळी एकामागून एक पास होतात. पुन्हा तेच, एरर नाही, तक्रार नाही.

उपाय सोपा आहे. ‘याद्या’ नावाची एक शीट करा, तिथल्या एका सेलमध्ये ‘हो’ लिहा आणि कोडमधून तो सेल वाचून त्याच्याशी तुलना करा. शीटच्या सेलमधली देवनागरी व्हीबीए व्यवस्थित वाचतं; अडचण फक्त एडिटरमध्ये लिहिण्याची आणि ‘मेसेज बॉक्स’मध्ये दाखवण्याची आहे. मेसेज बॉक्समध्येही प्रश्नचिन्हंच दिसतात, म्हणून निकाल शीटवर लिहा. दोन्ही बाजूंना वरचं साफसफाईचं फंक्शन लावायला विसरू नका, नाहीतर ‘हो’ आणि मागे स्पेस असलेला ‘हो’ वेगळे ठरतील. ड्रॉपडाउन ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. दुसरीकडून सेल कॉपी करून पेस्ट केला, की ड्रॉपडाउनमागचं डेटा व्हॅलिडेशन पुसलं जातं.

किरकोळ, पण वेळखाऊ

मर्ज केलेल्या सेलांत फक्त डावीकडच्या वरच्या सेलमध्ये मजकूर असतो, बाकीचे कोरे दिसतात. ‘मर्ज एरिया’चा पहिला सेल तपासा. ओळी मोजणारा व्हेरिएबल ‘इंटिजर’ असेल तर ३२,७६७ च्या पुढे ६ क्रमांकाची ‘ओव्हरफ्लो’ एरर येते, ‘लाँग’ करा. शीटचं नाव न देता नुसतं ‘रेंज’ लिहिलं, तर साध्या मॉड्यूलमध्ये ते समोर उघड्या असलेल्या शीटला लागू होतं. मॅक्रो चुकीचीच शीट तपासून ‘ठीक’ म्हणतो. कोडच्या अगदी वर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ नसेल तर व्हेरिएबलच्या नावातली एक चुकलेली अक्षररचना नवा कोरा व्हेरिएबल जन्माला घालते. एक्सेल मॅन्युअल कॅल्क्युलेशनवर असेल तर फॉर्म्युल्यांची उत्तरं जुनी असतात, सुरुवातीलाच ‘कॅल्क्युलेट’ करा.

राहिलेले सेल पिवळे करणं मी थांबवलं आहे. भरल्यावर पिवळा रंग तसाच राहतो, आणि सगळा रंग पुसायचा तर लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी दिलेले रंगही जातात. वेगळ्या शीटवर ओळ, कॉलमचं नाव आणि त्या सेलची लिंक इतकं पुरतं.

आणि राहिलेलं असेल तर सेव्हच होऊ द्यायचं नाही, हा मॅक्रो मी लिहून पाहिला आणि काढून टाकला. लोक वाईट नसतात, घाईत असतात. अडवलं की ते ‘०’, ‘-’ किंवा दहा वेळा ९ टाकून पुढे जातात. कोरा सेल निदान प्रामाणिक असतो. खोटा फोन नंबर शोधून काढणारा मॅक्रो मला अजून लिहिता आलेला नाही. म्हणून मी सांगते, अडवत नाही.

पेरलेली फाइल

दुरुस्त केलेला मॅक्रो खऱ्या फाइलवर चालवायच्या आधी मी तो एका खास फाइलवर चालवते. तीस ओळींची आहे, आणि तिच्यात १४ सेल मी मुद्दाम बिघडवून ठेवले आहेत: दोन खरे कोरे, एक कोरं उत्तर देणारा फॉर्म्युला, एक त्याचंच व्हॅल्यू म्हणून पेस्ट केलेलं रूप, एका साध्या स्पेसचा, एक १६० चा, एक ८२०५ चा, एक नुसत्या ऑल्ट-एंटरचा, एक ‘एन-ए’ एररचा, दोन ‘हो’ असूनही कारण नसलेले, एक फिल्टरने लपवलेल्या ओळीतला आणि दोन अनुक्रमांक नसलेल्या शेवटच्या ओळीतले. अनुक्रमांकाचा कॉलम सक्तीचा धरलेला नाही, म्हणून तो या १४ मध्ये नाही. सोबत एक खरं शून्य, एक मर्ज केलेला भरलेला सेल आणि तळाशी फॉर्म्युले ओढलेल्या पाच न वापरलेल्या ओळी, ज्या यादीत येता कामा नयेत.

मॅक्रोत एक ओळ बदलली तरी ही फाइल पुन्हा चालवते. फिल्टर दर वेळी पुन्हा लावावा लागतो, कारण मॅक्रो तो काढतो. म्हणून मूळ प्रत ‘रीड ओन्ली’ ठेवली आहे. १३ राहिलेल्यांत आणि १ एररच्या यादीत आला, की मॅक्रो कामाला लागतो. आकडा कमी आला, तर कुठला सेल सुटला ते यादीशी ताडून बघायचं, त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावायचा आणि एफ८ दाबत उतरायचं.